नदीचं बोट धरून खान्देश: गर्दीपलीकडच्या जागा कशा शोधायच्या

जळगाव स्टेशनवर पाठपिशव्या घेतलेली मंडळी उतरतात, रिक्षावाल्याशी भाव करतात आणि अजिंठ्याची गाडी धरतात. संध्याकाळी परत येऊन रात्रीच्या रेल्वेने निघून जातात. बदली होऊन इथे आलेल्यांचंही फार वेगळं नसतं. बँकेत, रेल्वेत, शाळेत रुजू होतात, दोन-तीन वर्षं काढतात आणि सलग सुट्ट्या आल्या की महाबळेश्वर नाहीतर लोणावळा. "इथे आहे काय बघायला? ऊन आणि केळी," हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की याचं उत्तर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

'खान्देशातल्या दहा जागा' अशी यादी मी देणार नाही. यादीतल्या दहा जागा पाहून झाल्या की माणूस पुन्हा घरी बसतो. जागा शोधायच्या कशा ते एकदा कळलं, तर अख्खी बदली इथे गेली तरी रविवार कमी पडतील.

आधी नकाशा, आणि नकाशावर तापी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे एकत्र दिसतील असा नकाशा उघडा. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी तापी. उत्तरेकडून तिला सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई येऊन मिळतात. दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. ही नावं एका कागदावर लिहून काढा. खान्देशची खरी अनुक्रमणिका हीच.

आता तापीवर बोट ठेवा आणि हळूहळू पश्चिमेला सरकवा. दुसरी नदी येऊन मिळते तिथे थांबा. आमच्याकडे संगम म्हटला की तिथे काहीतरी जुनं असणारच, हा माझा आजवरचा अनुभव आहे. पूर्णा तापीला मिळते तिथे, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. पांझरा मिळते तिथे, शिंदखेडा तालुक्यातल्या मुडावदला, कपिलेश्वर आहे. गोमाई मिळते तिथे प्रकाशे. या गावाला दक्षिण काशी म्हणतात. काशीयात्रा करून आलेला माणूस इथे येऊन उत्तरपूजा करतो, मगच यात्रा पुरी झाली असं मानतो. याच प्रकाशे गावात १९५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तेव्हा पार ताम्रपाषाण काळापर्यंतच्या वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसानेही राहायला हाच संगम निवडला होता.

मुडावदला मी पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरातला मंगळवार होता. देवळात पुजारी सोडून कोणी नव्हतं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसलो तर पांझरेचं पाणी गढूळ आणि तापीचं हिरवट, दोन्हींच्या मधे एक वाकडी रेघ स्पष्ट दिसत होती. एक आजोबा बैल धुवायला आले. बैल त्या रेघेतच जाऊन उभा राहिला. पाऊण तासात एवढंच घडलं, आणि महाबळेश्वरच्या कुठल्याही पॉइंटवर मला असा पाऊण तास मिळालेला नाही.

संगम झाले की दुसरी खूण बघा: नदी डोंगरातून सपाटीला उतरते ती जागा. सातपुड्याच्या पायथ्याची बहुतेक देवस्थानं अशाच जागी आहेत. यावल-चोपडा रस्त्यावरून आत गेलं की मनुदेवी लागते. देवळासमोरच कड्यावरून धबधबा कोसळतो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे. रावेर तालुक्यातलं पाल हे सुकी नदीच्या खोऱ्यातलं थंड हवेचं गाव, यावल अभयारण्याच्या कुशीतलं. दक्षिणेच्या डोंगरात हीच खूण तुम्हाला चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नेते. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो, कारण नवख्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी असं माझं ठाम मत आहे.

तिसरी खूण जुन्या उताराची. पूल नव्हते तेव्हा तापी कुठून ओलांडत असतील, हा प्रश्न नकाशाला विचारा. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर त्यातूनच सापडतं. फारुकी घराण्याने खान्देशात सत्ता उभी केली ती इथून. त्या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याची आणि त्याच्या वंशजांची थडगी आजही गावात आहेत आणि त्यातलं एक अष्टकोनी आहे. त्याच्या दगडावरची नक्षी अजून बोटांना लागते. तापीकाठी किल्ल्याचे अवशेष आहेत. १८१८ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिली. एवढा इतिहास पोटात घेऊन गाव आपलं शांतपणे कापूस वेचत बसलेलं असतं.

मग ऋतू

इथे चूक केली तर बाकी सगळं वाया जातं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत उघड्या किल्ल्यावर चढायचं नाही. कितीही तरणेबांड असलात तरी नाही. खान्देशी माणूससुद्धा त्या दिवसांत अकरा ते पाच घराबाहेर पडत नाही, तो आळशी आहे म्हणून नव्हे.

धबधब्यांना ऑगस्ट-सप्टेंबर. दिवाळीनंतर बरेचसे धबधबे नुसते ओले कातळ उरतात. मग डिसेंबरात मनुदेवीला जाऊन "पाणी कुठंय?" म्हणत हिरमुसू नका. किल्ले आणि देवळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर लगेच किल्ल्यावर गेलात तर कमरेएवढ्या गवतात वाट सापडत नाही. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी. भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर थंडीत बाहेरदेशीचे पाहुणे पक्षी उतरतात. तिथे उजाडायच्या आत पोहोचावं, आठ वाजेनंतर दुर्बिणीत फक्त चकाकतं पाणी दिसतं.

ऋतूइतकंच महत्त्व यात्रेच्या पंचांगाला. महाशिवरात्रीला तोरणमाळ, दिवाळीत अस्तंबा, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याचा घोडेबाजार, कार्तिकी एकादशीच्या दिवसांत साक्री तालुक्यातलं आमळी. या दिवसांत तिथे माणसांचा पूर येतो. तो अनुभवही एकदा घ्यावा, सारंगखेड्याचा तर नक्कीच. पण शांतता हवी असेल तर यात्रा संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी जा. कचरा उचललेला असतो, खड्डे बुजवलेले असतात आणि माणसं निवांत असतात. अस्तंब्याला मात्र एकट्या नवख्याने यात्रेशिवाय जाऊ नये. अंगावर येणारा उंच डोंगर आहे तो. वाटा माहीत असलेला माणूस सोबत नसेल तर चुकायला वेळ लागत नाही.

एसटीचा फलक वाचायला शिका

आता माझ्या आवडीची पायरी. तालुक्याच्या बसस्थानकावर जा आणि वेळापत्रकाचा फलक उभं राहून वाचा. जळगाव-पुणे, धुळे-मुंबई सोडून द्या. खालच्या ओळींत जी गावं आहेत, दिवसातून एक किंवा दोनच गाड्या असलेली, ती वहीत लिहून घ्या. त्यातल्या एखाद्या नावापुढे 'मुक्काम' असा शब्द दिसेल. म्हणजे संध्याकाळी गाडी त्या गावाला जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तीच गाडी परत येते. मुक्कामी गाडी जिथे जाते तिथे रस्ता संपतो. रस्ता संपतो तिथे बहुतेक वेळा डोंगर किंवा नदी असते.

चौकशीच्या खिडकीत तीन प्रश्न विचारा. तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता? रविवारी ती चालते का? शाळेला सुट्टी असली की बंद होते का? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग फाट्यावर अडकून बसतो, कारण खेड्यापाड्याच्या कितीतरी फेऱ्या विद्यार्थ्यांच्या पासवर चालतात. गाडी चुकलीच तर फाट्यापर्यंत चालत या. काळीपिवळी किंवा ॲपे मिळते, पण सूर्य मावळायच्या आत.

बाजाराचा दिवसही विचारून घ्या. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त, गर्दी जास्त आणि गावातली माणसं घरी नसतात. तुम्हाला देऊळ बघायचं असेल तर तो दिवस टाळा. माणसं बघायची असतील, धडगाव-मोलगीकडचा डोंगरी माल बघायचा असेल, तर मुद्दाम त्याच दिवशी जा.

फोनमधल्या नकाशावर सगळा भार टाकू नका. एका जुलैत अशाच एका नकाशाने मला जवळचा रस्ता म्हणून थेट एका फरशीवर नेऊन उभं केलं. फरशी म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पाणी चढलं की तो खाली जातो. वरून गुडघाभर पाणी वाहत होतं. मोटारसायकल पुढे घालणार, इतक्यात शेतातून एक बाई ओरडली, "ओ भाऊ, तठे नका जावा!" मी थांबलो. दहा मिनिटांत पाणी कंबरेएवढं झालं. तेव्हापासून नियम केला: फरशीवर पाणी दिसलं की गाडी बंद करायची, आणि काठावरचा माणूस जा म्हणाला तरच जायचं. सातपुड्यातल्या नद्या तर अशा आहेत की तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पडलेला पाऊस तासाभराने तुमच्यापर्यंत पोहोचतो.

गावात शिरताना

गाडीतून उतरल्या उतरल्या मोबाइल उंच धरून चित्रण सुरू करू नका. पारावर किंवा चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसा. "कोठेन उनात भाऊ?" असा प्रश्न येईल. कुठून आलात, असं विचारतायत. अहिराणी येत नसेल तरी चालतं, पण गाव, काम, इथे कशासाठी आलात हे मोकळेपणाने सांगा. वयस्कर माणसाला आबा किंवा नाना म्हणा, बरोबरीच्याला भाऊ, वडीलधाऱ्या बाईला मावशी. साहेब म्हणालात की बोलणं तिथेच अवघडतं. यावल-रावेरकडे लेवा बोली ऐकू येईल, सातपुड्यात वर गेलात की पावरी आणि भिली. चार कोसांवर कान बदलावे लागतात, खान्देशात फिरण्याचा अर्धा आनंद तोच आहे.

दहा मिनिटांत निदान दोन गोष्टी अशा कळतात ज्या कुठल्याही नकाशावर नसतात. भामेरला मी किल्ला बघायला गेलो होतो. साक्री तालुक्यातलं हे गाव किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. डोंगराच्या पोटात कोरलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी आहेत. टपरीवरच्या आबांनी विचारलं, "अत्तर-बित्तर लावलंय का अंगाला?" मला कळेना. मग म्हणाले, वर कड्याला आग्या मोहोळ बसलंय, वासाने उठतं. त्यांनी मला पलीकडच्या बाजूने पाठवलं. तेव्हापासून किल्ल्यावर किंवा लेण्यात जाताना वासाचं काही लावत नाही, विडी-काडी पेटवत नाही, आरडाओरडा करत नाही. तुम्हीही करू नका. मोहोळ उठलं तर पळायला जागा नसते.

सातपुड्यातल्या पाड्यांवर जास्त जपून वागायला हवं. घराच्या अंगणात विचारल्याशिवाय पाय टाकू नये. बायकांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि नाही म्हटलं तर हसून पुढे जावं. अक्कलकुवा तालुक्यात काठीची होळी असते, तिला राजवाडी होळी म्हणतात. बुधे (होळीचं सोंग घेतलेले नाचे) बनून, अंगावर रंगरांगोळी करून, कमरेला घुंगरू बांधून लोक रात्रभर नाचतात. त्यामागे कितीतरी दिवसांचं व्रत असतं. तो कुणासाठी मांडलेला कार्यक्रम नाही. तिथे पाहुणा म्हणून जायचं असतं. पाहुण्याने जागा मिळेल तिथे उभं राहायचं आणि फ्लॅश बंद ठेवायचा.

जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा. यावल, अनेर, गौताळा ही सगळी अभयारण्यं आहेत. नाक्यावरचा वनरक्षक तुम्हाला वाटेची जी माहिती देईल ती दुसरा कोणी देणार नाही, म्हणून त्या नोंदीचा कंटाळा करू नका.

पोटाचं आणि मुक्कामाचं

गर्दीपासून दूर म्हणजे हॉटेलपासूनही दूर. दोन लिटर पाणी, शेंगदाणे-गूळ, केळी (ती कुठेही मिळतात) आणि भाकरी बांधून घ्या. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत ठेचा असला की झालं.

हिवाळ्यात यावल-रावेरच्या बाजूला गेलात तर कोणाच्या तरी शेतात भरीत चाललेलं असतंच. बामणोद, आसोदा, भालोदकडची पांढरट-हिरवी मोठाली वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून लाकडी भांड्यात ठेचतात आणि कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्यांची फोडणी. बोलावलं तर संकोच करू नका. जेवलात की ताट उचलायला हात लावा, आणि पैसे देऊ करू नका, त्यांना वाईट वाटतं. पुढच्या वेळी मुलांसाठी वह्या-पेन नाहीतर तुमच्या गावाकडचं काहीतरी घेऊन जा.

मुक्काम तालुक्याच्या ठिकाणी ठेवा: चाळीसगाव, भुसावळ, शिरपूर, साक्री, शहादा. पहिल्या काही खेपांना तरी रात्री खेड्यात राहायचा हट्ट नको. तोरणमाळला राहण्याची सोय होते, आणि तिथे राहावंच. यशवंत तलावाकाठची थंडीतली पहाट आणि सीताखाईच्या कड्यावरून उतरणारं धुकं सकाळी सातच्या आत बघायचं असतं. शनिवार-रविवार सोडून आठवड्यातला मधला वार धरा.

पहिली खेप: चाळीसगाव, दोन दिवस

आता सुरुवात. चाळीसगाव निवडायचं कारण साधं आहे. मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आहे, धुळ्याहूनही रेल्वे आहे, आणि नदीचं बोट धरायचं म्हणजे काय हे इथे एका दिवसात कळतं.

सकाळची पहिली गाडी धरून पाटणादेवीला जा. अठराएक किलोमीटर आहे. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधे चंडिकादेवीचं देऊळ आणि बाजूने वाहणारी डोंगरी नदी. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र टाळलंत तर देऊळ जवळजवळ तुमचंच. देवीचं दर्शन झालं की जवळचं जुनं महादेवाचं देऊळ बघा. हे पाटण म्हणजे भास्कराचार्यांशी नातं सांगणारं गाव. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने १२०७ मध्ये इथे मठ काढला. त्याला जमीन दिल्याचं सांगणारा शिलालेख याच पाटणला सापडला आणि एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. आठशे वर्षांपूर्वी या दरीत मुलं गणित घोकत होती. झाडाखाली बसून पाच मिनिटं एवढंच मनात आणा, बघा कसं वाटतं.

इथून डोंगर चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे वाट जाते. इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या पंगतीत बसतील अशी, आणि गर्दी नावाला नाही. पण ही वाट जंगलातून आहे. वनखात्याला विचारून, माहितगार माणूस घेऊन, सकाळीच निघायचं. दुपारी बारानंतर चढायला सुरुवात केलीत तर उतरताना अंधार होईल. पायात जमत नसेल तर कन्नडच्या बाजूने वरच्या रस्त्याने जाऊन पायऱ्या उतरूनही लेणी बघता येतात. ती वेगळी खेप करा.

डोंगरी नदी बघताना एक लक्षात ठेवा. पायाखाली खुळखुळणारी हीच नदी पुढे चाळीसगावात तितूरला मिळते. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस या दोघींना आलेल्या पुराने शहराची बाजारपेठ बुडवली होती. पावसाळ्यात इथे याल तर पात्रातल्या खडकावर बसून जेवायचं नाही.

दुसरा दिवस गावातच. स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर केकी मूस यांचं कलादालन आहे. १९१२ साली जन्मलेला हा छायाचित्रकार आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं या घरातून क्वचितच बाहेर पडला. घरातच मेजावर वस्तू मांडून, प्रकाश बदलून त्यांनी काढलेली चित्रं भिंतींवर आहेत. फळं, बाटल्या, एखादी म्हातारी, दाराची फट. घाईने बघू नका. एकेका चित्रासमोर उभं राहून प्रकाश कुठल्या बाजूने आलाय ते शोधा. घर बघून झालं की स्टेशनकडे येताना बसस्थानकात शिरा, वही काढा आणि फलकाच्या खालच्या ओळी उतरवून घ्या.